फेलोशिपचे उपकार फेडायचे कुणाकडे?

मार्च-एप्रिल आला की ख्रिस्ती स्टुडंट फेलोशिप्समधे, म्हणजे कॉलेजच्या मुलामुलींच्या प्रार्थना आणि बायबल अभ्यासाच्या गटांमधे, फेअरवेल सुरू होतात. शेवटच्या वर्षाची मुलंमुली एकेक करून पुढे येतात, साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, सिनियर्सचं नाव घेतात, फेलोशिपचं काम बघणाऱ्या स्टाफवर्करचं घेतात, ज्या घरात तीन वर्षं बायबल स्टडी झाला त्या घरातल्या काका-काकूंचं घेतात, बोलता बोलता एखाद्याचा गळा दाटून येतो आणि मग बाकीच्यांचाही. शेवटी प्रार्थना, ग्रुप फोटो आणि जेवण. मी अशा बऱ्याच फेअरवेलना बसलोय आणि त्या रडण्यात खोटं काही नसतं हे मला माहितीये. शहरात एकही ओळखीचा माणूस नसताना ज्यांनी आपलं म्हटलं त्यांच्याबद्दल ते मूल बोलत असतं, ते आतूनच येतं.

तरीपण हे लिहावंसं वाटलं कारण त्या संध्याकाळचा आणि पुढच्या जूनचा एकमेकांशी काही संबंधच राहिलेला नाही. फेअरवेलला रडलेल्यांपैकी फार थोडे जण पुढच्या वर्षी नव्या मुलांच्या आसपास दिसतात. नोकरी लागते, शहर बदलतं, लग्न होतं, चर्च बदलतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या येत राहतात आणि फेलोशिपचा सगळा भार परत त्याच दोन-चार दमलेल्या माणसांवर. माझं म्हणणं सरळ आहे. स्टुडंट फेलोशिपमधे जे मिळतं त्याचे उपकार ज्याने केले त्याला परत करता येत नाहीत, तशी सोयच नाही या कामात, ते पुढच्या मुलांनाच परत करता येतात. आणि आपण सध्या कृतज्ञतेचा सगळा जोर मागे वळून बघण्यात घालवतोय, म्हणजे आभार, मोमेंटो, शाल, फोटो, आणि पुढच्या पोराच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही.

का करता येत नाहीत परत, ते बघा. चर्चमधे माणूस चाळीस वर्षं एकाच बाकावर बसतो, ज्या पाळकांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्या म्हातारपणी त्यांना दवाखान्यात न्यायला तो असतो, परतफेडीला वेळ आणि जागा दोन्ही असतात. स्टुडंट फेलोशिपमधे पूर्ण पिढीच तीन-चार वर्षांत बदलते. ज्या सिनियरने फर्स्ट इयरला तुमच्यासोबत हॉस्टेलच्या गच्चीवर बसून प्रार्थना केली, तुम्ही काही देण्यालायक होईपर्यंत तो बंगळुरूला किंवा दुबईला असतो आणि त्याला तुमच्याकडून काही नकोही असतं. त्याला विचाराल तर तो हेच सांगेल की माझ्यासाठी कुणीतरी केलं होतं म्हणून मी केलं.

आपल्याकडचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं, आणि तो इतिहास मराठी ख्रिस्ती माणसाने खरं तर पाठ म्हणून दाखवावा इतका आपला आहे. १८०६ च्या ऑगस्टमधे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजची पाच मुलं प्रार्थनेसाठी बाहेर जमली होती, वादळ आलं, पाऊस आला, म्हणून ती गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि तिथे आशियात सुवार्ता न्यायची चर्चा आणि प्रार्थना झाली. कुठलीही कमिटी नाही, बजेट नाही, पाच कॉलेजकुमार. त्यांच्यातल्या सॅम्युएल मिल्सने आणि नंतर अँडोव्हरच्या सेमिनरीतल्या मुलांनी ते धरून ठेवलं, चर्चच्या मोठ्यांकडे अर्ज केला आणि १८१० मधे अमेरिकन बोर्ड नावाची मिशन संस्था उभी राहिली. त्याच विल्यम्स कॉलेजचा गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉटसोबत फेब्रुवारी १८१३ मधे मुंबईला उतरला. कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवायच्या गोष्टी चालल्या होत्या, तरी हॉल राहिला, मराठी शिकला, शाळा काढल्या, आणि १८२६ मधे नाशिककडच्या फेरीत कॉलऱ्याने गेला. पुढे १८३१ मधे नगरला काम सुरू झालं, बोर्डिंग आली, शाळा आल्या, १८४२ मधे ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं. आज नगर, जालना, सोलापूर, पुणे, मुंबईतल्या किती मराठी ख्रिस्ती घरांत पणजोबा नाहीतर पणजी अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे याच बोर्डाच्या इथल्या कामाच्या, शाळेत शिकलेली निघेल.

आता त्या गंजीखालच्या पाचांपैकी महाराष्ट्रात कुणीच आलं नाही. मिल्स १८१८ मधे आफ्रिकेहून परतताना समुद्रावर वारला, जेम्स रिचर्ड्स सिलोनला गेला आणि तिथेच वारला, बाकीचे तिकडेच राहिले. त्यांचे आभार कुणी आणि कसे मानायचे? मला विचाराल तर नगरच्या ज्या पोरीला मिशनच्या शाळेने अक्षरओळख दिली आणि जिने शिक्षिका होऊन पुढे दुसऱ्या गावच्या पोरींना शिकवलं तिने ते मानले. तिला ती पाच नावं माहीतही नसतील.

आपल्या देशातलं स्टुडंट काम पण असंच उभं राहिलंय. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून आहे. यूइएसआय, म्हणजे युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया, १९५४ मधे सुरू झाली, मद्रासचे प्रा. एच. इनॉक तिचे पहिले अध्यक्ष, आणि पी. टी. चांदापिल्ला यांनी जनरल सेक्रेटरी म्हणून सुरुवातीची वर्षं पायाला भिंगरी लावून देश पालथा घातला. स्वातंत्र्याला सात वर्षं झालेली, परदेशी मिशनरी परत जायला लागलेले, आणि या लोकांनी ठरवलं की कॉलेजातलं काम विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायचं आणि पास आऊट झालेल्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. ईयू (इव्हँजेलिकल युनियन) आणि ईजीएफ (इव्हँजेलिकल ग्रॅज्युएट्स फेलोशिप), विद्यार्थी आणि ग्रॅज्युएट, हे जे दोन पाय आहेत ते उगाच नाहीत. ग्रॅज्युएट फेलोशिप म्हणजे जुन्या मित्रांना भेटायची जागा नव्हे, खालच्या मुलांना आधार म्हणून ती बांधली होती. आज किती ठिकाणी ती फॅमिली रिट्रीट आणि गेट-टुगेदर एवढीच उरलीये हे त्यातल्या लोकांनीच एकमेकांना विचारावं.

पैशाचा मुद्दा इथेच घेतो, कारण कृतज्ञता कुणाकडे तोंड करून उभी आहे हे पैशावरून लगेच कळतं. ज्या कामाचा पैसा लांबून येतो त्या कामात आभार पण लांबच पाठवावे लागतात. मुलांचे फोटो, मुलांच्या साक्षी, किती जण आले, किती जणांनी ख्रिस्ताला मानायचा निर्णय घेतला याचे आकडे, सगळं लिहून त्या माणसांना पाठवायचं ज्यांनी ती मुलं कधी बघितली नाहीत. देणाऱ्यांचं मन चांगलं असतं, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्या घरची गरिबी, आईचं आजारपण, वडलांची दारू हे सगळं माइकवर सांगायला लावणं कारण ते न्यूजलेटरमधे जाणार आहे, हे चूक आहे आणि हे थांबलं पाहिजे. २०२० मधे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, परदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्या कायद्याबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते चांगलं नाही. पण ज्यांचं काम इथल्या ग्रॅज्युएट्सच्या पगारातून चालत होतं त्यांना त्या दिवशी काहीच बदलावं लागलं नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे पैसे देणारा माणूस मुलांना नावाने ओळखत होता.

मुलं कोण आहेत हेही नीट बघायला पाहिजे. पुण्यात येणारी ख्रिस्ती मुलं म्हटली की लोकांच्या डोळ्यासमोर केरळ, नागालँड, मिझोराम येतं, तीही असतातच आणि त्यांचं एकटेपण लहान नाही, भाषा वेगळी, चेहऱ्यावरून रस्त्यात शेरे ऐकायचे. पण आपल्याच राज्यातली किती असतात. श्रीरामपूर-राहुरीकडची, जालन्याची, नवापूर-साक्रीच्या पट्ट्यातली मावची-गावीत घरची, ज्यांची मराठी पण दुसरी भाषा आहे. नगर-जालन्याकडच्या बऱ्याच मुलांचं घर मूळ दलित, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मधे शीख आणि १९९० मधे बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर. म्हणजे वस्ती तीच, आजोबांचं काम तेच, गावाची वागणूक तीच, पण एससीची स्कॉलरशिप नाही. अशा मुलासाठी महिन्याची मेस ही रोजची काळजी आहे. त्याला फेलोशिपमधे "देव पुरवेल" हे वचन सांगायचं आणि मिटिंग संपल्यावर तो जेवला का हे विचारायचं नाही, हे मला जमत नाही आणि कुणालाच जमू नये.

मी एक घर जवळून बघितलंय. मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या एक सिस्टर, नवरा वारलेला, मुलगा बाहेरगावी, टू बीएचके फ्लॅट. रविवारी साडेबाराला उपासना सुटली की नर्सिंगच्या पाच-सहा मुली त्यांच्याकडे येतात. दाराबाहेर चपलांचा ढीग. कुकरमधे भात आधीच लावलेला, रस्सा सकाळी चर्चला जायच्या आधी करून ठेवलेला, चिकन असेल तर असतं नाहीतर अंडी. पोरी आल्या आल्या आधी प्लग शोधतात, फोन लावतात चार्जिंगला. एखादी नाईट करून आलेली असते ती न जेवता आधी आतल्या खोलीत चटईवर पडते आणि तिला कुणी उठवत नाही, तिचं ताट झाकून ठेवतात. जेवणानंतर एक अध्याय वाचतात, कधी कधी तेही होत नाही, कुणाला तरी वॉर्डात पेशंट गेल्याचं रडू येतं आणि मग तेच बोलणं होतं. निघताना ज्या पोरीला ड्युटीमुळे येता आलं नाही तिचा डबा. सिस्टरना मी विचारलं होतं हे कधीपासून, तर म्हणाल्या, "अरे मी मिरजेला ट्रेनिंगला होते ना तेव्हा आमच्या वॉर्डच्या सिस्टर असंच जेवू घालायच्या, त्या गेल्या कधीच्या, त्यांना काय देणार मी आता." त्यांनी कधी स्टेजवर साक्ष दिल्याचं मला आठवत नाही. कुठल्याही फेलोशिपच्या रिपोर्टमधे हे घर नाही.

नर्सिंगचं मुद्दाम सांगितलं कारण आपल्या फेलोशिप्सचं टाइमटेबल अजून इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हिशोबाने चालतं. शनिवारी संध्याकाळी सहा. नर्सिंगच्या मुलीला मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट अशा ड्युट्या, हॉस्टेलचं गेट ठरलेल्या वेळेला बंद, बाहेर जायला वॉर्डनची सही. ती येत नाही म्हणून लीडर म्हणतात तिला आवड नाही. आपल्या समाजात किती घरं आईच्या किंवा मावशीच्या नर्सच्या पगारावर उभी राहिलीत, किती पाळकांची शिक्षणं नर्स बहिणीने केलीत, आणि तिच्याच पोरीला फेलोशिपची वेळ जुळत नाही म्हणून बाहेर ठेवायचं. हे ज्यांच्या हातात आहे त्यांनी बदलावं, हॉस्टेलजवळच्या एखाद्या घरात दुपारी दोनला बसावं, अर्धा तास बसावं, चालेल.

भाषेचंही असंच. शहरातल्या बऱ्याच फेलोशिप्समधे वर्शिप इंग्लिशमधे, थोडं हिंदी, बोलणं इंग्लिशमधे. कारण समजतं, मुलं दहा राज्यांची असतात. पण मराठी मीडियममधून आलेलं पोरगं शेवटच्या रांगेत बसतं, पडद्यावरच्या ओळींवर ओठ हलवतं, आणि दोन महिन्यांनी येणं बंद करतं. त्याच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, तो तबला वाजवत होता. नारायण वामन टिळकांची भजनं, कृष्णाजी सांगळ्यांची पदं त्याला पुस्तक न उघडता येतात. टिळकांनी अभंगाच्या चालीत ख्रिस्ताला आपल्या अंगणात आणलं, त्या माणसाच्या मागे आपण शंभर वर्षं गातोय, आणि शहरातल्या फेलोशिपमधे त्याच पोराला वाटतं की आपलं गाणं मागासलेलं आहे. मी असं म्हणत नाही की सगळं मराठीत करा. मिझोरामच्या मुलीला टिळक कळणार नाहीत आणि तिला तिचं गाणं गाऊ द्या, एकदा तिचं, एकदा याचं. ज्यांच्यामुळे आपण गायला शिकलो त्यांची आठवण ठेवायची असेल तर ज्याला त्यांचं गाणं येतं त्या पोराच्या हातात तबला द्या.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त टोचते. कृतज्ञता मागायला लागलो की ती फार लवकर दाब होते. "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू?" हे वाक्य मी फेलोशिपच्या संदर्भात खूपदा ऐकलंय. मुलगा दुसऱ्या चर्चला जायला लागला, मुलीने लीडरने सुचवलेलं स्थळ नाकारलं, कुणी हिशोब विचारला, कुणी म्हणाला की मला फुल टाइम सेवेत यायचं नाही मी एमपीएससी करणार, की लगेच केलेल्या उपकारांची यादी निघते. कृतघ्न हा शब्द पण वापरला जातो, आणि वीस वर्षांच्या मुलाला देवाच्या नावाने कृतघ्न म्हटलं की ते त्याच्या आत किती वर्षं राहतं हे म्हणणाऱ्याला कळत नाही. बरीच मुलं फेलोशिप सोडून जातात ती विश्वास सोडून नाही, या ओझ्याला कंटाळून.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण उपकारस्तुतीच्या प्रत्येक उपासनेत ऐकतो. दहा जण शुद्ध झाले, एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका असलेला, आणि येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत. प्रवचनं सगळी त्या नऊ जणांना झोडपण्यात जातात. पण येशूने त्या नऊ जणांचं बरं होणं काढून घेतलं नाही हे कुणी सांगत नाही. त्याला वाईट वाटलं, त्याने ते बोलून दाखवलं आणि विषय तिथेच संपला. नऊ जण आपापल्या घरी, आपापल्या गावात, बऱ्या झालेल्या कातडीने जगले. मला वाटतं स्टुडंट कामात असलेल्या प्रत्येक लीडरने ही गोष्ट त्या बाजूने वाचावी. दहातले नऊ परत येणार नाहीत हे धरूनच जेवू घालायचं, आणि नवव्याने पाठ फिरवली तरी दहाव्याला वाढताना हात आखडायचा नाही.

याच कारणासाठी फेलोशिपमधे येणाऱ्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रांबद्दल पण आपण फार स्वच्छ असलं पाहिजे. रूममेट सोबत येतो, जेवतो, गिटार ऐकतो, परीक्षेच्या आधी त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली तर त्याला बरं वाटतं. त्या जेवणाच्या बदल्यात त्याने काही मानावं ही अपेक्षा जरी मनात असली तरी ते जेवण जेवण राहत नाही. आज वातावरण असं आहे की चार मुलं डोळे मिटून बसलेली दिसली तरी प्रश्न विचारले जातात, कॉलेजं वर्ग द्यायला तयार नसतात, आणि ज्यांना आपल्याबद्दल संशय आहे त्यांना नुसती राज्यघटना वाचून दाखवून तो जाणार नाही. धर्मस्वातंत्र्याचं पंचविसावं कलम आपल्या बाजूने आहेच, ते ठामपणे सांगावंच लागतं. पण त्या रूममेटला चार वर्षं आमच्या घरी जेवून, काहीही न बदलता, आनंदाने आपल्या घरी जाता आलं पाहिजे आणि दहा वर्षांनी पण फोन करता आला पाहिजे. असे मित्र आमच्यातल्या पुष्कळांना आहेत आणि त्या मैत्रीचे आभार आपणही मानायचे असतात, ते एकतर्फी नसतं.

काही जण म्हणतील माणसांचे आभार कशाला, देवाचे माना, सगळं त्यानेच केलं. ऐकायला नम्र वाटतं पण बायबलमधलं पौलाचं पत्र उघडा, बहुतेक पत्राच्या सुरुवातीलाच तो देवाचे उपकार मानतो ते माणसांची नावं आणि आठवणी घेऊन, फिलिप्पैच्या मंडळीने त्याला अडचणीत काय पाठवलं हेही तो लिहितो. देवाचे आभार मानताना माणसांची नावं गाळणं हे सोयीचं असतं, कारण नाव घेतलं की त्या माणसासारखं वागायची जबाबदारी येते.

वेळेचं कारण खरं आहे. हिंजवडीला नोकरी, येता-जाता तीन तास, घरी लहान मूल, नवराबायको दोघं कामाला, रविवार हा एकच दिवस आणि त्यात चर्च, भाजी, कपडे. अशा माणसाला दर शनिवारी मिटिंगला ये म्हणणं अन्याय आहे. म्हणून माझं मत आहे की ग्रॅज्युएटकडून मिटिंगची हजेरी मागणं बंद करा. त्याच्याकडे जे आधीच आहे ते मागा. त्याच्याकडे घर आहे, महिन्यातून एक रविवार चार ताटं जास्त लावता येतील. त्याला नोकरी आहे, त्याला रेझ्युमे बघता येतो, रेफरल देता येतं, फी भरायच्या शेवटच्या दिवशी पाच हजार रुपये टाकता येतात आणि परत मागायचे नाहीत. एखादी आई झालीये, तर पहिल्यांदा शहरात आलेल्या मुलीला कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे तिच्याइतकं कोण सांगणार. यातलं काही स्टेजवर दिसत नाही, म्हणून आपण ते सेवा म्हणून मोजत नाही.

पाळकांची तक्रार वेगळी असते, की स्टुडंट फेलोशिप आमची तरुण मुलं घेऊन जाते, तरुण संघ ओस पडतो, आणि मुलं परत येतात ती आमच्या उपासनेला नावं ठेवतच. यात तथ्य आहे. ज्या मंडळीने पोराला संडे स्कूलपासून वाढवलं, पहिला भक्तिगीताचा चान्स दिला, दहावीच्या परीक्षेला प्रार्थना केली, तिच्याबद्दल फेलोशिपच्या कॅम्पवरून आलेल्या मुलाने "तिथे जीवन नाही" म्हणायचं ही कृतघ्नताच आहे आणि फेलोशिपने ती शिकवली असेल तर फेलोशिप चुकली. पण पाळकांनी पण एक बघावं. मुलगा पुण्याला निघाला तेव्हा मंडळीने त्याला प्रार्थना करून पाठवलं, त्यानंतर चार वर्षांत कितीदा फोन केला? पुण्यातल्या कुठल्या मंडळीला चिठ्ठी लिहिली, की आमचं पोरगं येतंय, सांभाळा? मिशनच्या काळात असं पत्र घेऊन मुलं बोर्डिंगला जायची. आता एक व्हॉट्सॲप मेसेज पुरेल.

आपल्या नगरकडच्या मंडळ्यांत हंगामाच्या सणाला काय होतं ते सगळ्यांना माहितीये. लोक शेतातलं पहिलं घेऊन येतात, बाजरी, भोपळा, कोंबडी, अंडी, कुणी नुसती कोथिंबिरीची जुडी, ज्यांना शेत नाही ते दुकानातून गूळ आणतात, सगळं वेदीपुढे मांडतात आणि उपासना झाली की लिलाव. एक भोपळा कुणीतरी चढ्या बोलीने घेतो, पैसे भरतो आणि भोपळा परत टेबलावर ठेवतो, करा परत लिलाव. मग दुसरा घेतो, तोही परत ठेवतो. एकाच भोपळ्याचे तीन-तीन, चार-चार वेळा पैसे येतात, लहान पोरं ओरडत असतात, म्हाताऱ्या हसत असतात, आणि शेवटी तो ज्याच्या घरी खरंच लागतो अशा कुणाच्या तरी पिशवीत जातो. त्या लिलावात घेतलेली वस्तू घरी न्यायची घाई कुणाला नसते. स्टुडंट फेलोशिपमधे जे मिळालं ते असंच परत टेबलावर ठेवायचं आहे.

फेअरवेल बंद करा असं मी म्हणणार नाही, रडू द्या मुलांना, बिर्याणी पण असू द्या. पण त्याच संध्याकाळी, आभारांच्या भाषणांना जेवढा वेळ देतो त्यातला निम्मा वेळ काढून शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाला बसवा आणि विचारा की जूनमधे येणाऱ्यांपैकी कुणासाठी तू काय करणार, कुठल्या शहरात असशील, तिथे फेलोशिप कुणाच्या घरी भरते, तुझा नंबर त्यांना देऊ का. ज्याला नाही म्हणायचं त्याला मोकळेपणाने नाही म्हणू द्या. जे हो म्हणतील त्यांची नावं ग्रॅज्युएट फेलोशिपच्या माणसाने लिहून घ्यावी आणि ऑगस्टमधे फोन करावा, कारण जूनमधे ॲडमिशन, जुलैमधे रूम शोधणं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधे घरची आठवण सगळ्यात जास्त येते, गौरी-गणपतीला सगळं हॉस्टेल रिकामं होतं आणि ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत किंवा जो दीड हजार किलोमीटर लांबून आलाय तो एकटा खोलीत बसतो, मेस बंद असते. त्या आठवड्यात ताटं लागतात. पुण्यात येरवडा, विश्रांतवाडी, पिंपरी, कोंढवा, जिथे कुठे आपली घरं आहेत त्यांनी आपापल्या भागातल्या स्टाफवर्करला आत्ताच कळवून ठेवावं की त्या आठवड्यात आमच्याकडे किती जण येऊ शकतात, आणि व्हेज किती.